वादकाबरोबर प्रवास करणारा पियानो

बीनकार आपली बीन घेऊन मैफलीस येतो, सारंगिया सारंगी बगलेस मारून येतो, आणि तबलजीच्या डग्ग्या-तबल्यास आगगाडीच्या डब्यात कोठे ना कोठे जागा मिळतेच. ज्या वाद्यावर वर्षानुवर्षे हात बसला, त्याच वाद्यावर ऐन बैठकीत हात पडतो. त्याच्या खोडी वादकाला ठाऊक असतात आणि वादकाच्या खोडी जणू त्या वाद्यालाही ठाऊक झालेल्या असतात. पियानोवादकाच्या नशिबी हे सुख नाही. तो रिकाम्या हातांनी येतो, आणि सभागृहात जो पियानो उभा असेल त्याच्याशी तास-दोन तासांत ओळख करून घेऊन त्याला श्रोत्यांसमोर बसावे लागते. तारा उतरलेल्या असोत, एखादी पट्टी दाबली की वर न येवो, दोष मात्र वादकाच्या पदरी पडतो. आज ज्यास ‘डिजिटल स्टेज पियानो’ म्हणतात आणि जो एका माणसास पाठीवरच्या पिशवीतून नेता येतो, त्याचा इतिहास म्हणजे या एका अडचणीचा इतिहास होय. हे वाद्य विकत घेताना कोणते प्रश्न विचारावे, याचा उलगडाही दुकानातील जाहिरातपत्रकापेक्षा त्या इतिहासातच अधिक होतो.

इ. स. १७००च्या सुमारास इटलीत, फ्लॉरेन्स येथे, बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने तारेवर हातोडी मारणारे वाद्य सिद्ध केले. बोटाचा दाब हलका तर स्वर मृदू, दाब जोराचा तर स्वर बुलंद, हा त्याचा विशेष. पुढील दोनशे वर्षांत सभागृहे वाढली, त्यांबरोबर वाद्यही वाढले. तारा जाड झाल्या, त्यांचा ताण पेलण्यास लाकडी चौकटीच्या जागी ओतीव लोखंडाची चौकट आली. स्टाइनवे कंपनीचा मैफलीचा मोठा पियानो २७४ सेंटिमीटर लांब असून त्याचे वजन ४८० किलोंच्या आसपास भरते. असले धूड पाठीवर टाकून गावोगाव कोण फिरणार?

काही जण फिरलेही. अमेरिकेतील लुई मोरो गॉटशॉक हा वादक यादवी युद्धाच्या धामधुमीत चिकरिंग बनावटीचे दोन पियानो बरोबर घेऊन आगगाडीने हिंडत असे. १८७२-७३ साली रशियन वादक अन्तोन रूबिनस्टाइन याने स्टाइनवे कंपनीच्या आश्रयाने अमेरिकेत २३९ दिवसांत २१५ जलसे केले. व्लादिमिर होरोविट्झने १९८६च्या एप्रिलमध्ये मॉस्कोत वादन केले ते न्यूयॉर्कहून नेलेल्या स्वतःच्या स्टाइनवेवर. परंतु हे सारे राजेशाही थाटाचे प्रकार होत. बाकीच्यांना मिळेल त्या वाद्याशी जुळवून घेणे भाग होते, आणि हे जुळवून घेणे कोणत्या थरास जाई याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे.

१९७५च्या जानेवारी महिन्याची २४ तारीख. जर्मनीतील कोलोन शहराच्या ऑपेरागृहात कीथ जॅरेट या अमेरिकन वादकाचे एकट्याचे वादन ठरले होते, तेही रात्री साडेअकरास, ऑपेराचा खेळ आटोपल्यावर. जॅरेटने ब्योझनडॉर्फर कंपनीचा ‘इम्पीरियल’ हा प्रचंड पियानो मागितला होता. रंगमंचावर त्याला आढळला तो तालमीपुरता ठेवलेला एक लहान पियानो. तो बेसूर, वरच्या सप्तकांचा आवाज चिरका, खर्जात दम नाही, पेडलेही धड चालत नाहीत. जॅरेटने वाजविण्यास नकार दिला. कार्यक्रमाची व्यवस्था पाहणारी फेरा ब्रान्डेस अवघी अठरा वर्षांची होती. तिने कसेबसे त्याचे मन वळविले. तंत्रज्ञांनी उरल्या वेळात वाद्य शक्य तेवढे सुरात आणले. पाठीचे दुखणे सोसत जॅरेट बसला, आणि त्या वाद्याच्या ज्या मधल्या सप्तकांत काही जीव होता तेथेच बहुतांशी रमला. खर्ज अपुरा म्हणून डाव्या हाताने एकच चाल पुनःपुन्हा ठोकीत राहिला. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण पुढे एकल पियानोवादनाच्या सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांत गणले गेले. ही कथा सांगताना लोक अडचणीचे गोडवे गातात. पण एका जॅरेटमागे किती वादकांच्या संध्याकाळी असल्या पियानोने मातीत घातल्या असतील, त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत एवढेच.

वजन आणि स्वर यांतील हा सौदा महाराष्ट्रासही परका नाही. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ याने हार्मोनियमचे एकस्व घेतले, तेव्हा ते पायाने भाता चालवावयाचे, खुर्चीवर बसून वाजवावयाचे वाद्य होते. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यास हाताचा भाता बसविला आणि ते बैठकीवर आणले. तीच आपली बाजाची पेटी. उलट मराठी संगीत रंगभूमीने, विशेषतः १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवकाळात, पायपेटीचा भरदार ऑर्गन पसंत केला आणि पडद्यांच्या व पोशाखांच्या पेट्यांबरोबर तोही गावोगाव वाहून नेला. सोय पत्करली की किंमत मोजावी लागतेच. पेटीला मींड काढता येत नाही, तिचे स्वर बांधलेले असतात, या आक्षेपावरून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला मज्जाव केला आणि तो १९७०नंतरच सैल झाला. पेटी मात्र घरोघर राहिली. उचलता येणारे वाद्य लोक सहसा टाकून देत नाहीत.

पियानोच्या बाबतीत उचलता येण्याचा पहिला विचार मैफलीसाठी झाला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाईदलात दाखल झालेले हॅरल्ड ऱ्होड्स हे पियानोचे शिक्षक. रुग्णालयात अंथरुणास खिळलेल्या जखमी सैनिकांचे मन रमावे म्हणून त्यांना पियानो शिकविण्याचे काम त्यांजकडे आले. खाटेवर पियानो कसा न्यावयाचा? ऱ्होड्स यांनी मोडीत निघालेल्या बी-१७ बाँबफेकी विमानांतील ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून त्यांपासून २९ स्वरांचा, मांडीवर ठेवून वाजविण्याजोगा पियानो तयार केला. त्यास तारा नव्हत्या आणि विजेचीही गरज नव्हती. हातोडी नळीवर पडे आणि नळी वाजे. तार काढून टाकली तरी पियानोचा ‘हात’ शिल्लक राहतो, ही या वाद्यामागील खरी कल्पना.

युद्धानंतर ऱ्होड्स यांनी नळीच्या जागी पोलादाची बारीक काडी बसविली. काडीवर हातोडी पडते, तिच्याशी जोडलेली जाड पट्टी सूरकाट्याच्या दुसऱ्या पात्याप्रमाणे तिला साथ देते, आणि काडीच्या टोकासमोरचे लोहचुंबकी वेटोळे त्या कंपनाचे विजेत रूपांतर करते; विजेच्या गिटारीत घडते तेच येथेही घडते. १९७०च्या सुमारास निघालेल्या ‘स्टेज’ नावाच्या नमुन्यात ७३ पट्ट्या होत्या, चार पाय मळसूत्राने काढता-घालता येत, आणि वजन साठ किलोंच्या घरात होते. दोन माणसांनी उचलावे असे ते ओझे. पण मोठ्या पियानोच्या मानाने ते कापसासारखेच म्हणावयाचे.

वुर्लिट्झर कंपनीचा विजेचा पियानो याहून थोडा आधीचा, १९५४-५५च्या सुमाराचा. त्यात हातोडी पोलादाच्या चपट्या जिभेवर पडे. जिभेच्या टोकास कथलाचा ठिपका असे. तो थोडा घासला की स्वर चढे, थोडा वाढविला की उतरे. आडदांड हाताखाली ती जीभ ऐन प्रयोगात मोडेही. तथापि अंध गायक-वादक रे चार्ल्स यांनी हेच वाद्य बरोबर घेऊन फिरणे पसंत केले, कारण नृत्यगृहांतील पियानोंच्या सुरांचा त्यांना भरवसा नव्हता. १९५९ साली गाजलेल्या त्यांच्या ‘व्हॉट्ड आय से’ या गीताच्या आरंभी जो किंचित खरखरीत, घोगरा नाद ऐकू येतो, तो या जिभांचाच. ज्या स्वराची निवड केवळ सोयीपोटी झाली, तो स्वर लोकांना स्वतःच्या गुणावर आवडू लागला. हर्बी हॅन्कॉक यांचाही अनुभव असाच. १९६८ साली माइल्स डेव्हिस यांच्या ध्वनिमुद्रणास ते गेले तो पियानो जागेवर नाही. कोपऱ्यातील विजेच्या पियानोकडे बोट दाखवून डेव्हिस यांनी तो वाजवावयास सांगितले. हॅन्कॉक तोवर त्यास खेळणे समजत होते. पहिल्याच स्वरमेळाने त्यांचे मत पालटले, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

यानंतर अडचणीने वेगळेच रूप घेतले. ढोल, विजेच्या गिटारी आणि कर्णकटू ध्वनिवर्धक यांच्या घोळक्यात खरा पियानो ठेवला, तर त्याच्या पोटात मायक्रोफोन लावावा लागे. तो मायक्रोफोन पियानोपेक्षा ढोलच अधिक ऐके, आणि आवाज वाढविला की सभागृह किंचाळू लागे. १९७६ साली जपानच्या यामाहा कंपनीने ‘सीपी-७०’ हा पियानो काढला. त्यात हातोड्या खऱ्या, तारा खऱ्या, परंतु आखूड. आणि नाद वाढविणारी लाकडी फळी मुळीच नाही. तारांचे कंपन टिपणारे स्फटिक थेट तारांच्या टेकूपाशी बसविल्यामुळे ढोलाचा उपद्रव संपला. वाद्याचे दोन भाग होत, दोहोंस मुठी असत. तरी एकूण वजन शंभर किलोंहून अधिक, आणि तारा आल्या म्हणजे सूर जुळविणाऱ्याची पीडाही आली. ‘जेनेसिस’ या इंग्रज वाद्यवृंदाचे टोनी बँक्स यांच्यासारख्यांनी ती आनंदाने सोसली. कारण सामान वाहणारी माणसे त्यांच्या पदरी होती.

तार, काडी, जीभ या सर्वांनाच रजा देण्याची कल्पना ज्या संवादातून पुढे आली, तो दोन भिन्न क्षेत्रांतील माणसांचा होता. रे कर्झवाइल यांनी १९७६ साली अंधांसाठी छापील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारे यंत्र तयार केले, आणि त्याचा पहिला खासगी ग्राहक होता गायक स्टीव्ही वंडर. त्यातून स्नेह जडला. १९८२ साली वंडर यांनी त्यांना आपल्या संगीतशाळेत नेऊन एक गाऱ्हाणे मांडले. विजेच्या वाद्यांवर हवी ती हुकमत चालते, पण त्यांचा नाद दरिद्री; खऱ्या वाद्यांचा नाद श्रीमंत, पण त्यांवर तशी हुकमत नाही. दोन्ही एकत्र आणता येतील काय? १९८४ साली ‘कर्झवाइल २५०’ हे वाद्य बाजारात आले. त्यात ८८ लाकडी, वजनदार पट्ट्या होत्या, किंमत दहा हजार डॉलरांहून अधिक होती, आणि आत खऱ्या पियानोच्या स्वरांचे नमुने अंकांच्या रूपाने साठविलेले होते.

हे साठविणे म्हणजे काय, हे जरा तपशिलाने पाहणे आवश्यक आहे; निवडीच्या अनेक प्रश्नांचे मूळ येथेच आहे. तबकडीच्या दर्जाचा ध्वनी साठवावयाचा तर दर सेकंदास त्याची ४४,१०० मापे घ्यावी लागतात आणि प्रत्येक मापास दोन बाइट जागा लागते. एक स्वर सरासरी २० सेकंद घुमतो असे धरले, तर ८८ पट्ट्यांचे एकेकदा घेतलेले नमुनेच साडेपंधरा कोटी बाइट व्यापतात. त्यातही हळू, मध्यम, जोराने असे निरनिराळे आघात निराळे साठवावयाचे तर हा आकडा तितक्या पटींनी वाढतो. १९८४ साली असली स्मृती कोणास परवडणार? म्हणून कारागीर काटकसर करीत. स्वराचा आरंभ तेवढा खरा ठेवावयाचा, पुढचा लहानसा तुकडा पुनःपुन्हा फिरवून त्याचा आवाज हळूहळू उतरवावयाचा, आणि एकच नमुना ताणून चार-पाच पट्ट्यांना पुरवावयाचा. कान तयार असेल तर ही ठिगळे ओळखू येत. आजही स्वस्त वाद्यातील एखादा खर्जाचा स्वर दाबून धरून तो पूर्ण विझेपर्यंत ऐकावा. नाद घुसळल्यासारखा एकाच जागी फिरू लागला, तर काटकसर कोठे झाली ते समजते.

१९८६ साली, म्हणजे होरोविट्झ आपला पियानो मॉस्कोस नेत होते त्याच वर्षी, रोलँड या जपानी कंपनीने ‘आरडी-१०००’ काढला. यात नमुने जसेच्या तसे वाजत नसत. निरनिराळ्या जोराने वाजविलेल्या स्वरांचे पृथक्करण करून त्यांवरून नाद नव्याने घडविला जाई. त्यामुळे बोटाचा जोर वाढत गेला की नादही पायरीपायरीने न बदलता सलग उजळत जाई. एकांतात ऐकला तर तो खऱ्या पियानोहून पातळ व काचेरी वाटतो, यात शंका नाही. परंतु वाद्यवृंदात तो लख्ख ऐकू येई. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मोठ्या पियानोचा हुबेहूब नमुना खर्जाने भारलेला असतो. वाद्यवृंदात ती जागा आधीच दुसऱ्या वाद्याने व्यापलेली असते, आणि दोहोंचा मिळून नुसता गढूळ घुमारा उरतो. घरी कानास यंत्र लावून जो पियानो सर्वांत सुंदर वाटला, तोच रंगमंचावर हरवतो, ही अनेकांची तक्रार. तीत वाद्याचा अपराध थोडा आणि परीक्षेच्या जागेचा अधिक.

आरडी-१०००ची मर्यादा निराळी होती. एका वेळी त्यात १६च स्वर वाजू शकत. माणसाला बोटे दहा, मग सोळा स्वर पुरेसे नव्हेत काय, असे वाटेल. पण पेडल दाबले की सोडलेल्या पट्टीचाही स्वर घुमत राहतो. मात्रेस चार स्वर या बेताने चार मात्रा वाजविल्या की सोळा संपले. सतरावा आला की यंत्र जुन्यांपैकी एकास गुपचूप बाहेर काढते, आणि बहुधा ज्यावर सारी इमारत उभी तो तळचा खर्जच नाहीसा होतो. आजच्या वाद्यांवर १२८ किंवा २५६ असे आकडे छापलेले असतात. ते पुरेसे आहेत खरे. तथापि दुहेरी ध्वनीचा नमुना एकेका स्वरासाठी दोन जागा खातो, आणि वर तंतुवाद्यांचा नाद मिसळला की आणखी जागा जातात, एवढे ध्यानात असावे.

नादाइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा प्रश्न बोटांखालच्या पट्टीचा. पियानोची पट्टी हळुवार खाली जाण्यास सुमारे ५० ग्रॅम भार लागतो, आणि खर्जाकडील हातोड्या जड असल्याने तेथे हात अधिक भारी लागतो. चांगल्या स्टेज पियानोत हा चढउतार खऱ्या हातोडीसारख्या लहान लहान वजनांनी साधलेला असतो. दुसरी कसोटी त्याहून जुनी आहे. पॅरिसच्या एरार घराण्याने १८२१ साली अशा रचनेचे एकस्व घेतले की, पट्टी पुरती वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजविता यावा. त्यावाचून जलद पुनरुक्तीचे संगीत लिहिलेच गेले नसते. डिजिटल पियानोत आरंभी पट्टीखाली दोनच संवेदक असत आणि पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याखेरीज दुसरा आघात नोंदला जात नसे. तिसरा संवेदक आला तेव्हा कोठे एरारची करामत या यंत्रात उतरली. दुकानात ही परीक्षा अर्ध्या मिनिटात होते: एकच पट्टी अर्धीच वर येऊ देऊन, बोटे बदलीत, हलक्या हाताने भराभर वाजवून पाहावी. स्वर गळू लागले तर ते वाद्य कितीही गोड असो, रंगमंचावर दगा देईल. जो मूळचा ऑर्गन वाजविणारा आहे, त्यास मात्र जड पट्ट्यांचा हा सारा सरंजाम शिक्षाच वाटेल. त्याने हलक्या पट्ट्यांचे, ७३ स्वरांचे वाद्य घ्यावे आणि कोणाचे ऐकू नये.

एका गोष्टीची दखल विक्रेते क्वचितच घेतात. पियानोचे नमुने दोन मायक्रोफोनांनी, डाव्या-उजव्या कानासाठी निराळे घेतलेले असतात. अनेक सभागृहांत मात्र ध्वनिव्यवस्थापक दोन्ही धारा एकत्र करून एकाच मार्गाने सोडतो. अशा वेळी दोहोंतील काही लहरी परस्परांस मारतात आणि भरदार पियानो डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. म्हणून वाद्य घेण्यापूर्वी ते एकाच तारेने, एकाच ध्वनिक्षेपकावर, आणि तेही मोठ्याने ऐकावे. काही वाद्यांत एकेरी ध्वनीसाठी निराळा नमुनाच दिलेला असतो. वरवर क्षुल्लक दिसणारी ही सोय चार शोभिवंत नादांपेक्षा मोलाची.

वजनाचा प्रश्न आता बराच सुटला आहे. ८८ पट्ट्यांची वाद्ये ११-१२ किलोंपासून २२ किलोंपर्यंत मिळतात. जितके हलके तितकी पट्टीची यंत्रणा साधी, असा स्थूल नियम आहे, आणि त्यास अपवाद थोडे. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत लाकूड फुगते, तारा गंजतात, महिन्या-दोन महिन्यांत सूर ढळतो. तेथे या वाद्याचे सुख विशेष. अर्थात् वीज गेली की ते मुके होते, आणि त्याच क्षणी कोपऱ्यातील बाजाची पेटी निमूटपणे चालू राहते.

राहिली एक मौज. आजच्या स्टेज पियानोत मोठ्या मैफलीच्या पियानोचा नाद असतोच. परंतु त्याच्या शेजारच्या कळी दाबल्या की ऱ्होड्स यांच्या काडीचा, वुर्लिट्झरच्या जिभेचा आणि सीपी-७०च्या आखूड तारांचाही नाद निघतो. खरा पियानो नेता येत नाही म्हणून ज्या तडजोडी केल्या, त्यांचीच नक्कल आता खऱ्या पियानोइतक्या निष्ठेने केली जाते. स्वीडनच्या क्लाविया कंपनीने २००१ साली ‘नॉर्ड इलेक्ट्रो’ नावाचे लाल रंगाचे वाद्य काढले ते मुख्यतः या जुन्या विजेच्या वाद्यांचे नाद हलक्या पेटीत मिळावेत म्हणून, आणि वादकांनी ते उचलून धरले. पुढच्या काळातील वाद्यांत तर पट्टी सोडताना होणारी जुन्या यंत्रणेची खटखटही साठविलेली आढळते. तो आवाज नाहीसा करण्यासाठी जुन्या कारागिरांनी नमद्याचे तुकडे चिकटविले होते. नवे कारागीर तो मायक्रोफोन लावून टिपतात आणि त्यास कमीजास्त करण्याची निराळी कळ देतात.